शेवटच्या टोकाची खोली

अण्णा गालिच्यावर गुडघे टेकून, रेडिएटरला कान लावून बसले होते. आई पलंगावर माकडटोपी, शाल आणि त्यावर माझा जुना रेनकोट घालून त्यांच्याकडे बघत होती. सकाळचे पावणेसात वाजले होते. मी तोंडात ब्रश धरून दारात उभी होते, कारण खोलीतून पुन्हा तो आवाज आला होता. ठण्, ठण्, ठण्.

"तीन," अण्णा म्हणाले आणि त्यांनी बोट वर करून आम्हाला गप्प केलं. थोड्या वेळानं, बारीक, लांबून आल्यासारखे दोन ठोके आले. "आणि दोन. तीन ह्या व्हॉल्व्हचे. दोन दुसऱ्याचे."

"दुसरा कुठाय?" मी विचारलं.

"भिंतीत."

आईनं रेनकोटाची टोपी माकडटोपीवर ओढून घेतली. "शनिवारपर्यंत भिंतीतला शोधा नाहीतर छपरावरचा," ती म्हणाली. "ही खोली तापली नाही तर मी तिकीट बदलणार. शनिवारी पाचपर्यंत बदलून मिळतं, मी उज्जूला फोन करून विचारायला लावलंय."

हे खरं होतं. मीच विचारलं होतं, आणि विचारल्याबद्दल स्वतःवर चिडले होते.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट, इंग्लंडातल्या शेफील्डमधल्या ह्याच घरातली. नऊ वर्षं भाड्याच्या खोल्यांमध्ये काढून मी चढावरच्या एका रांगेतलं अरुंद घर घेतलं होतं आणि अण्णा निवृत्त झाल्यावर दोघांना तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं, तेही जानेवारीत. त्यांना मागची खोली दिली होती, कारण तिथून बाग दिसते. बाग म्हणजे कपडे वाळत घालायचा एक खांब आणि त्याच्याभोवती बर्फ. ते येऊन आठवडा झाला होता, आणि ह्या आठवड्यात आम्ही तिघं एका टेबलाशी बसून जितक्या वेळा जेवलो तितक्या वेळा माझ्या आख्ख्या लहानपणी जेवलो नव्हतो. मला ते तीन महिने पुरेपूर हवे होते.

इकडच्या घरांत बॉयलरमध्ये पाणी तापतं, नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांत फिरतं आणि परत येतं. रेडिएटरच्या दोन टोकांना दोन व्हॉल्व्ह असतात. एकावर आकडे लिहिलेली टोपी असते, ती आपण फिरवायची. दुसऱ्यावर नुसतं पांढरं झाकण. त्या झाकणाखाली काय असतं हे मी घर घेतल्यापासून पाहिलं नव्हतं आणि पाहावं असंही वाटलं नव्हतं. माझ्या घरात असे सात रेडिएटर होते. सहा तापायचे. सातवा, बॉयलरपासून सगळ्यात लांबचा, मी ह्या दोघांसाठी पहिल्यांदाच उघडला होता; तो कोमट राहायचा आणि सकाळी ठणठणायचा. तो नेमका आईच्या उशाशी होता.

पण अण्णा घाबरलेले नव्हते. उलट इथं आल्यापासून पहिल्यांदाच ते खुशीत दिसत होते. आमच्या तालुक्याच्या गावी ते नगरपालिकेत तेहेतीस वर्षं व्हॉल्व्हमन होते. खांद्याएवढी उंच लोखंडी चावी सायकलला बांधून ते पहाटे निघायचे आणि आळीआळीत रस्त्यातली झाकणं उघडून पाणी सोडायचे. कुणाला चावीचे किती आटे फिरवायचे, किती वेळ, हे सगळं त्यांच्या मनगटात होतं. मी त्यांना रेडिएटरमधली हवा काढायची इवलीशी चावी दाखवली तेव्हा ते बराच वेळ हसत होते. ही तर ट्रंकेची चावी, म्हणाले.

त्यांनी पहिला उपाय केला तो नगरपालिकेचा. पाणी सगळीकडे पुरत नसेल तर पाळीनं सोडायचं. त्यांनी सातही टोप्या शून्यावर नेल्या आणि फ्रिजवर वेळापत्रक लावलं. विभाग एक, पुढची खोली, सहा ते पावणेसात. विभाग दोन, स्वयंपाकघर, पावणेसात ते साडेसात. असं करत विभाग सात, मागची खोली, साडेदहा ते सव्वाअकरा. अडगळीच्या खोलीलासुद्धा पाऊण तास होता. तिथं माझी सायकल आणि पुस्तकांची अकरा खोकी होती, आणि ती त्या आठवड्यात चांगली उबदार राहिली.

"सायकलीला पाऊण तास आणि मला पाऊण तास?" आईनं विचारलं.

"सगळ्यांना सारखं," अण्णा म्हणाले.

आईनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात अठ्ठावीस वर्षं होती. आम्ही राहायचो ती तांबट आळी गावाच्या पाण्याच्या लाइनीचं शेवटचं टोक. बाकी गावात हंडे भरायचे तेव्हा आमच्या नळाला करंगळीएवढी धार यायची. आळीतल्या बायका आईला म्हणायच्या, वहिनी, सांगा की तुमच्या तोडकरांना दोन आटे जास्त सोडायला. आई सांगायची. अण्णा म्हणायचे, सगळ्यांना सारखं. आणि व्हॉल्व्हमनची बायको दोन कळश्या घेऊन पलीकडच्या आळीत पाण्याला जायची. हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की शाळेत पाठ केलेल्या कवितेसारखं मधल्या कुठल्याही ओळीपासून म्हणू शकत होते.

वेळापत्रकापायी माझे हाल लगेच सुरू झाले. बाथरूमचा विभाग नऊला सुरू व्हायचा आणि मला कामावर जायला सातलाच अंघोळ करावी लागायची. तिसऱ्या दिवशी मी गुपचूप बाथरूमची टोपी चारवर नेली. आई जिन्यात पहारा देत होती. अण्णा खाली स्वयंपाकघरात चहा पीत होते. तिथून जाणाऱ्या नळीला त्यांनी सहज हात लावला आणि कप खाली ठेवला.

"वर कुणीतरी बेकायदा कनेक्शन घेतलंय," त्यांनी खालूनच सांगितलं.

आईनं तोवर दुसरी आघाडी उघडली होती. तिनं माझी एक कोरी वही मागून घेतली, पट्टीनं रकाने आखले आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, तक्रार नोंदवही. असली वही अण्णांच्या कचेरीत असायची, गावातले लोक त्यात लिहून जायचे आणि अण्णा समोरच्या रकान्यात शेरा द्यायचे. आईनं त्यात कधी लिहिलं नव्हतं. घरच्या माणसानं लिहिणं बरं दिसत नाही, असं तेव्हा ठरलं होतं. आता तिनं कसर भरून काढायला घेतली. तक्रार क्रमांक एक: रात्रभर पाय गार. शेरा: पाहणी केली, पाय गार आढळले. तक्रार क्रमांक चार: खोबरेल तेल थिजून बाटलीबाहेर येत नाही. शेरा: बाटली विभाग सहामध्ये ठेवावी. तक्रार क्रमांक सहा: विभाग सहामध्ये सायकल आहे, तिला तेल नको आहे. त्यापुढे शेरा नव्हता, पण अण्णांनी नुसती सही केली होती.

त्या दिवसांत ती दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, फक्त लिहीत होती. मी संध्याकाळी कामावरून आले की आधी वही वाचायचे.

ठणठण मात्र कुणाच्याच हाती लागत नव्हती. तीन मोठे ठोके, मग दोन बारीक. अण्णांनी त्याची वेळ मांडली. तीन पडले की सहसा अर्ध्या मिनिटात दोन पडत. कधी तीनाला तीनही पडत. एकदा तर अण्णांनी स्वतः पान्यानं नळीवर चार ठोके दिले, आणि भिंतीतून चार आले. त्यांचा चेहरा गंभीर झाला. भिंतीत एक झडप आहे, ती ह्या झडपेला उलटा धक्का देते, असं त्यांचं निदान झालं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी भिंतीवर पेन्सिलीनं चौकोन आखला आणि मला विचारलं, घरात छिन्नी आहे का.

माझ्या घरात छिन्नी नव्हती, हे नशीब. शनिवारी सकाळी नऊ वाजता दारावरची घंटा वाजली. शेजारच्या मिसेस व्हार्टन उभ्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, पांढऱ्या केसांच्या, हातात झाकलेला केक. आमची त्यांची ओळख नुसती मान हलवण्यापुरती होती. त्या जरा ओशाळल्या होत्या. म्हणाल्या, तुमच्याकडचं कुणीतरी रोज सकाळी मला भिंतीवर ठोकून नमस्कार करतं. फार बरं वाटतं. नवरा गेल्यापासून त्या भिंतीतून काही आवाज नव्हता. मी रोज उत्तर देते आहे, पण परवा चार ठोके आले आणि मला चाराचा अर्थ कळला नाही, तेव्हा म्हटलं विचारून यावं.

मी मराठीत सांगितलं. अण्णा वर गेले आणि खोडरबरानं भिंतीवरचा चौकोन पुसू लागले. आई मात्र हसायला लागली ती थांबेचना. रेनकोटाची टोपी डोळ्यांवर आली तरी हसतच होती, आणि तिचं बघून मिसेस व्हार्टनही हसायला लागल्या. त्यांना वाटलं चाराचा अर्थ काहीतरी गमतीचा असावा.

पण त्यानं एक झालं. भिंतीतली झडप गेली, म्हणजे उरले ते तीनच ठोके, आणि ते समोरच्याच व्हॉल्व्हचे होते. अण्णा पुन्हा गुडघ्यांवर बसले. रुमालानं टोपीखालचं पितळ घासलं, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक टेकवून पाहिलं. पितळेवर एक बारीक बाण कोरलेला होता.

"बॉयलर बंद कर," ते म्हणाले. "आणि मी ओरडलो की चालू कर."

नळ्या गार होऊ दिल्या. मग त्यांनी रेडिएटरच्या दोन टोकांच्या नळ्या दोन हातांत धरल्या, डोळे मिटले आणि ओरडले. मी खाली बटण दाबून धावत वर आले. मिनिटभरानं त्यांचा डावा हात झटकला गेला. उजवा तसाच होता.

"पाणी इकडून येतंय," ते म्हणाले, "आणि बाणाचा व्हॉल्व्ह तिकडे बसवलाय. बाण सांगतो आत जा, पाणी तिथून बाहेर निघतंय. झडप बंद व्हायला लागली की पाणी तिला मागून ढकलतं, आणि ती आपटते. उलटा बसवलाय गं उज्जू. कुणी शिकाऊनं बसवलाय."

वाजले होते साडेदहा. आईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून फक्त पाच बोटं दाखवली.

पुढचे पाच तास मी आयुष्यात पहिल्यांदा अण्णांची मदतनीस होते. मिसेस व्हार्टन आपल्या नवऱ्याची हत्यारांची पेटी घेऊन आल्या आणि ती हातात देताना तिच्या झाकणावरून एकदा हात फिरवला. आम्ही बागेत रबरी नळी सोडून आख्ख्या घराचं पाणी काढून टाकलं. ते बर्फावर आलं ते काळंकुट्ट, शाईसारखं.

आईनं खिडकीतून पाहिलं. "ह्यांच्या देशाचं पाणी स्वच्छ असतं म्हणत होतात ना?"

"ते लोखंडाचं आहे," अण्णा म्हणाले. "नळ्यांमधलं."

"तक्रार क्रमांक आठ," आई म्हणाली आणि वही आणायला गेली.

अण्णांनी दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह काढले आणि अदलाबदल केली. बाण आता पाण्याच्या बाजूनं. आट्यांवर गुंडाळायला मी दुकानातून पांढरी टेप आणली होती. त्यांनी ती दोन बोटांत धरून पाहिली आणि परत दिली. ही फुग्याला बांधायची चीज आहे म्हणाले. त्यांना सुतळी आणि तिच्यावर चोपडायचा पांढरा लेप, सफेदा, हवा होता, तेहेतीस वर्षं त्यांनी सांधे तसेच भरले होते. सफेदा मिळाला नाही. सुतळी मात्र घरात होती. आईनं गावाहून आणलेला पापडाचा डबा सुतळीनं बांधलेला होता. ती सुटली, तिचे धागे पिंजले गेले, आणि त्यावर आईच्या टाचांना लावायचं व्हॅसलीन चोपडलं गेलं. पान्याला शेवटचा हिसका देताना अण्णांनी माझा हात आपल्या हाताखाली घेतला. "इथं थांबायचं," ते म्हणाले. "ह्याच्या पुढं गेलीस तर आटे जातात. कळलं हाताला?" हाताला कळलं होतं.

पाणी भरलं, हवा काढली, बॉयलर चालू केला. साडेतीन वाजले. आम्ही तिघं आणि मिसेस व्हार्टन रेडिएटरसमोर ओळीनं बसलो, कुणीतरी भाषण करणार असल्यासारखे. एक ठोका नाही. मिसेस व्हार्टनच जरा हिरमुसल्या.

आईनं रेडिएटरवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "आवाज गेला," ती म्हणाली. "ऊब कुठं आहे?"

तो कोमटच होता. पहिल्यापेक्षा बरा, पण कोमट. चार वाजून गेले. आईनं चष्मा लावून विमानाच्या तिकिटावरचा फोननंबर शोधायला घेतला. तिला राग आला नव्हता, हे जास्त वाईट होतं. ती मला म्हणाली, "तुझ्या घराला नाव ठेवत नाही गं. शेवटच्या टोकाला राहायचं मी आयुष्यभर केलंय. आता विमानात बसून पुन्हा तिथंच यायचं म्हणजे जरा जास्त होतं."

अण्णा पाने पेटीत भरत होते. ते थांबले. मग त्यांनी मला सांगितलं, तुम्ही दोघी ह्या बाईंकडे चहाला जा. अर्धा तास.

"कशाला?" आईनं विचारलं.

"मोजमाप एकट्यानं करायचं असतं."

आम्ही गेलो. मिसेस व्हार्टनच्या बैठकीत आईनं त्यांना खुणांनी पापड लाटायचा कसा ते समजावलं, आणि मी घड्याळ बघत राहिले. भिंतीपलीकडे जिन्यावर अण्णांची पावलं वर जात होती, खाली येत होती, खोलीखोलीत थांबत होती. पाच वाजायला दहा मिनिटं असताना भिंतीवर चार ठोके पडले. मिसेस व्हार्टन आनंदानं म्हणाल्या, चार म्हणजे घरी या.

मागच्या खोलीचं दार उघडलं आणि ऊब अंगावर आली. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. अण्णा पलंगाच्या कडेला बसले होते, हातावर काळे डाग, कपाळावर घाम.

"काय केलंत?" आईनं विचारलं.

"काही नाही. पांढऱ्या झाकणांखालचे व्हॉल्व्ह लावून घेतले. सातही खोल्यांना दोन-दोन आटे. सगळ्यांना सारखं."

आईनं रेनकोट काढला. शाल काढली. सगळ्यात शेवटी माकडटोपी, आणि तिचे केस विजेनं उभे राहिले. तिनं वही ओढून घेतली आणि लिहिलं. तक्रार क्रमांक नऊ: तांबट आळीला अठ्ठावीस वर्षं करंगळीएवढं पाणी का आलं? खुलासा व्हावा.

अण्णांनी ते वाचलं. पेन हातात घेऊन ते इतका वेळ बसले की मला वाटलं आता मोठा मजकूर येणार. त्यांनी समोरच्या रकान्यात लिहिलं, पाहून सांगतो. आणि सही केली.

ती दोघं तीन महिने राहिली. फ्रिजवरचं वेळापत्रक ती जाईपर्यंत मी काढू दिलं नाही.

गेल्या श्रावणात अण्णा गेले. आई नोव्हेंबरात माझ्याकडे आली, मागच्या खोलीतच राहिली, आणि तेव्हाच माझा बॉयलर थकला. नवा बसवायला जोआन नावाची बाई आली होती, पन्नाशीची, कमी बोलणारी. तिनं सातही रेडिएटर पाहिले आणि शेवटी आईच्या खोलीत येऊन गुडघ्यांवर बसली, अगदी त्याच जागी. आई पलंगावर स्वेटर घालून बसली होती. जोआननं सांध्याला बोट लावलं. तिथं तपकिरी केसासारखं काहीतरी बाहेर आलेलं होतं.

"ही दोरी आहे का?"

"पापडाच्या डब्याची," मी म्हणाले.

तिनं बोट पुसलं. ते कोरडं होतं. "गळत नाहीये," ती म्हणाली आणि तिनं दुसऱ्या टोकाचं पांढरं झाकण उघडून आतला दांडा पान्यानं फिरवला. हळूहळू मोजत. मग बसल्या बसल्या वळली. "हे कुणी लावलंय?"

मी विचारलं, का, चुकलंय का?

नाही, ती म्हणाली. खाली कुठं अर्धा आटा उघडा आहे, कुठं पाऊण. बॉयलरजवळच्या खोलीत तर जेमतेम पाव. फक्त हा एक पूर्ण उघडा आहे, चार आटे. असंच लावायचं असतं. सगळीकडे सारखं उघडलं तर जवळचे सगळं पाणी ओढून घेतात आणि टोकाला काही उरत नाही. ज्यानं लावलं त्याला काम येत होतं.

"काय म्हणतेय?" आईनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. पाव, अर्धा, पाऊण, चार. आईनं ते बोटांवर मोजलं.

"दोन-दोन म्हणाले होते."

"हो."

"म्हणजे ह्यांना माहीत होतं. टोकाला जास्त सोडावं लागतं ते."

"हो."

"तांबट आळीच्या वेळीही?"

जोआन पाना हातात धरून थांबली होती. तिनं विचारलं, नव्या बॉयलरबरोबर मी सगळे पुन्हा लावून देऊ, की हे असंच ठेवू? मी तोंड उघडायच्या आत आई मराठीत म्हणाली, "तिला सांग, हात लावू नको."

जोआनला ते न सांगताच कळलं. तिनं झाकण परत बसवलं आणि ती खाली गेली.

आईनं विचारलं, ती वही आहे का. वही होती, पुस्तकांच्या खोलीत. मी आणून दिली. तिनं नववी तक्रार काढली, अण्णांची सही पाहिली, आणि खाली रकाने पट्टीनं लांबवून लिहिलं. तक्रार क्रमांक दहा: व्हॉल्व्हमन सांगत नाही.

समोरचा रकाना तिनं कोरा ठेवला. मग वही मिटून उशाशी ठेवली आणि अंगातला स्वेटर काढला.